खुब्याचं फ्रॅक्चर: ऑपरेशननंतर वर्षभराची नोंदवही कशी ठेवायची

सोलापुरात ऑर्थोपेडिक्सचं एमएस करताना खुब्याच्या फ्रॅक्चरवर थीसिस घेणारे बरेच असतात. त्यातल्या अनेकांचा निकाल 'हाड जुळलं, खिळा जागेवर आहे' इथेच थांबतो. पण साठी उलटलेल्या माणसाचा खुबा मोडला तर वर्षाच्या आत शंभरातले वीस ते तीस जण दगावतात, असं अनेक देशांच्या आकड्यांत दिसतं. जगलेल्यांपैकी कितीतरी जण पुन्हा आधीसारखे चालत नाहीत. हे एक्स-रेवर दिसत नाही, ते नोंदवहीतूनच कळतं. आणि नोंदवही बिघडते ती बहुधा दोनच ठिकाणी: पहिल्या दिवशी न विचारलेल्या गोष्टींत आणि फोन न लागलेल्या रुग्णांत.

कुणाला घ्यायचं

वय साठ किंवा जास्त, उभ्याने किंवा पलंगावरून पडणं, आणि एक्स-रेत नेक फीमर (मांडीच्या हाडाची मान), इंटरट्रोकँटरिक (मानेखालच्या दोन उंचवट्यांमधलं) किंवा लेसर ट्रोकँटरच्या (त्यातल्या लहान उंचवट्याच्या) खाली पाच सेंटिमीटरपर्यंतचं फ्रॅक्चर. गाडीच्या अपघाताचे रुग्ण वेगळे ठेवा. गाठीमुळे मोडलेलं हाड असेल तर खूण करून वेगळं मोजा.

नावं ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरमधून काढू नका. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ऑपरेशनची वाट बघताना गेलेली म्हातारी आणि सही करून घरी नेलेले आजोबा ओटी रजिस्टरमध्ये नसतातच. मग निकाल आपोआप गोड दिसतो. कॅज्युअल्टी आणि वॉर्डाचं भरतीचं रजिस्टर धरा, रोज सकाळी राउंडच्या आधी नवी नावं उतरवा. ऑपरेशन न झालेल्यांचीही ओळ हवी.

संख्या किती? वर्षातली मृत्यूची अपेक्षा २० टक्के आणि चूक ५ टक्क्यांपर्यंत चालणार असेल, तर ओळखीचं सूत्र ४pq/L² (p अपेक्षित टक्के, q म्हणजे १०० वजा p, L चालणारी चूक): ४ × २० × ८० ÷ २५ = २५६. त्यात १५ टक्के रुग्ण सुटतील हे धरून २५६ ÷ ०.८५, म्हणजे ३०१. तेवढे रुग्ण दीड वर्षात मिळणार नसतील तर विषयच लहान करा. सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात) मोठा आकडा लिहून नंतर साठांवर थांबण्यात काही अर्थ नाही.

वेळा

प्रत्येक ओळीत तीन वेळा तारीख आणि तासासकट: पडल्याची, कॅज्युअल्टीत पोचल्याची, चिरा दिल्याची. ब्रिटनमधला ३६ तासांचा निकष रुग्णालयात पोचल्यापासून मोजतात. आपल्याकडे करमाळ्याहून किंवा अक्कलकोटहून माणूस येतो तेव्हा आधी गावातल्या हाडवैद्याचा लेप, मग तालुक्याला एक्स-रे, असे दिवस गेलेले असतात. ते वेगळे दिसले पाहिजेत.

आणि उशिराचं कारण. या रकान्याशिवाय वेळेचे सगळे आकडे फुकट आहेत. आकड्यांतच लिहा: १ तब्येत (छातीत कफ, सोडियम कमी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या), २ रक्ताची बाटली नाही, ३ जन आरोग्य योजनेची मंजुरी, ४ इम्प्लांट नाही, ५ ओटी रिकामी नाही, ६ घरच्यांचा निर्णय. एक मुख्य, एक दुय्यम. कारण १ असलेला रुग्ण मुळातच जास्त आजारी असतो. तो गेला तर उशिरामुळे गेला असं म्हणता येत नाही. ३ ते ५ वाले रुग्णच उशिराचा खरा परिणाम दाखवतात.

इथे एक अभ्यास हमखास चुकीचा वाचला जातो. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या हिप अटॅक चाचणीत १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. घाईच्या गटात निदानापासून ऑपरेशनपर्यंतचा मीडियन (मधला आकडा) ६ तास, नेहमीच्या गटात २४ तास. ९० दिवसांतल्या मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. भ्रम होण्याचं प्रमाण मात्र घाईच्या गटात कमी होतं. यावरून 'उशीर चालतो' असं डिस्कशनमध्ये लिहू नका. तुलना ६ आणि २४ तासांची होती, १ आणि ९ दिवसांची नाही.

पहिल्या चोवीस तासांत विचारायचं ते

वय. आधारकार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली की ती अंदाजे आहे असं समजा. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, रांगतं मूल होतं का, हे विचारा. दुष्काळात कडेवर पहिलं पोर होतं म्हणणारी बाई १९५२-५४ च्या आसपास जन्मलेली असणार. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) ही दुसरी खूण: तेव्हा नातवंड होतं का?

पडण्याआधीचं चालणं. पार्करचा मोबिलिटी स्कोअर सोपा आहे: घरात, घराबाहेर, बाजारहाट. प्रत्येकाला विनात्रास ३, काठीने २, दुसऱ्या माणसाच्या आधाराने १, अजिबात नाही ०. एकूण ९. हे उद्यावर टाकलं की फसतं. ऑपरेशननंतर आई चालेनाशी झाली की मुलाच्या आठवणीत ती पडण्याआधी 'ठणठणीत' होते. रुग्णाला आणि सुनेला वेगवेगळं विचारा. रोज सोबत असते ती सून.

नॉटिंगहॅम स्कोअर ३० दिवसांतल्या मृत्यूचा धोका सांगतो. वय ६६ ते ८५ ला ३, त्यापुढे ४, पुरुषाला १, हिमोग्लोबिन १० किंवा कमी असेल तर १ (रक्त चढवण्याआधीचं घ्या, नंतरचं नाही), दोन किंवा जास्त जुने आजार १, कर्करोग १, वृद्धाश्रमात राहणं १, स्मृतीच्या दहा प्रश्नांत सहा किंवा कमी उत्तरं बरोबर आली तर १. अडचण शेवटच्या दोनांत आहे. वृद्धाश्रमाचा रकाना आपल्याकडे बहुतेक रिकामा राहतो. आणि स्मृतीच्या मूळ प्रश्नांत पहिलं महायुद्ध कधी सुरू झालं, ब्रिटनची राणी कोण, असले प्रश्न आहेत. शाळेत न गेलेल्या आजीला ते विचारून शून्य गुण देणं म्हणजे तिच्या अशिक्षितपणाला स्मृतिभ्रंश ठरवणं. 'देश स्वतंत्र कधी झाला', 'पंतप्रधान कोण' असे बदल करा, पण पद्धतीच्या भागात बदल केला हे स्पष्ट लिहा. मग तो मूळ स्कोअर राहत नाही. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या रुग्णाला त्याच्याच भाषेत विचारा. घरचं माणूस दुभाषा झालं तर उत्तरही तेच देतं.

संमती घेताना अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी. रुग्ण भ्रमात असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची. नाव आणि फोनची यादी वेगळ्या फाइलमध्ये कुलुपात, मुख्य शीटवर फक्त क्रमांक.

एक्स-रे

ऑपरेशननंतरच्या फिल्मवर टिप-ॲपेक्स अंतर मोजा. समोरून आणि बाजूने, दोन्हीत स्क्रूच्या टोकापासून बॉलच्या (मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याच्या) शिखरापर्यंत. फिल्म मोठी दिसते म्हणून दुरुस्ती लागते: स्क्रूची खरी जाडी भागिले फिल्मवर मोजलेली जाडी. ८ मिमीचा स्क्रू फिल्मवर १० भरला तर ०.८ ने गुणा. समोरून १४ आणि बाजूने १३ मोजले तर ११.२ + १०.४ = २१.६ मिमी. २५ च्या आत हवं. बॉमगार्टनर यांनी १९९५ मध्ये ही मर्यादा मांडली तेव्हा ती एका स्क्रूसाठी होती. दोन स्क्रूच्या पीएफएनमध्ये (हाडाच्या पोकळीत घालायच्या खिळ्यात) खालचा मोठा स्क्रू मोजला हे लिहून ठेवा. बाजूची फिल्म वाकडी आली तर मोजू नका, पुन्हा काढा.

फोन

डिस्चार्जच्या आधी तीन नंबर घ्या आणि तिन्ही तिथेच लावून बघा. एक घरचा, एक शेजारचा किंवा किराणा दुकानाचा, एक गावच्या आशाताईंचा. फोन ३० व्या, १२० व्या आणि ३६५ व्या दिवशी. शेवटच्या दोनांना अनुक्रमे १४ आणि ३० दिवसांची सूट ठेवा. आषाढीच्या आधीचे दोन आठवडे पंढरपूरच्या बाजूची माणसं घरी सापडत नाहीत, तेव्हा तारीख आधीची धरा.

काम कसं चाललंय हे विचारताना हॅरिस हिप स्कोअर या खुब्याच्या गुणपद्धतीतले मोजे-बूट घालण्याचे प्रश्न बाजूला ठेवून आपले प्रश्न जोडा: खाली बसता येतं का, भारतीय शौचालय वापरता येतं का, बिड्या वळायला मांडी घालता येते का. मात्र 'येत नाही' आणि 'डॉक्टरांनी मना केलंय' हे दोन वेगळे रकाने करा. बायपोलर (कृत्रिम बॉल) बसवलेल्या बाईला खाली बसू नको असं आपणच सांगितलेलं असतं. ती ते पाळते म्हणून तिचा निकाल वाईट ठरवायचा का?

आता न सापडलेले. समजा ३०० पैकी २४० जण सापडले, त्यातले ४८ गेलेले. २० टक्के म्हणून मोकळे होऊ नका. उरलेले ६० सगळे जिवंत असतील तर प्रमाण १६ टक्के, सगळे गेले असतील तर ३६ टक्के. तिन्ही आकडे छापा. फोन बंद होण्यामागे माणूस गेला हे कारण बऱ्याचदा असतं, म्हणून हे ६० जण सरासरी रुग्णांसारखे नसतात. शेवटचा जिवंत असल्याची खात्री झालेली तारीख प्रत्येक ओळीत ठेवा. कॅप्लान-मायर आलेखाला (किती दिवसांनी किती जण जिवंत हे दाखवणाऱ्या) तीच लागते.

दुसऱ्या बाजूचा खुबा मोडून तोच माणूस परत आला तर नवी ओळ, पण जुन्या क्रमांकाला जोडलेली. फ्रॅक्चर दोन, मृत्यू एकच.

मृत्यूची तारीख घरचे बहुतेक वेळा तिथीने सांगतात: 'पितृपंधरवड्याच्या आधी चार दिवस', 'वद्य दशमीला'. मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरं टेबलाच्या खणात ठेवा, फोन चालू असतानाच तारीख काढा आणि ती घरच्यांना वाचून दाखवा. शक्य असेल तिथे ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या दाखल्याशी ताडून घ्या.