शकुंतलेचा रूळ, नऊ मिलीमीटरचा: घरच्या घरी नॅरोगेज बांधताना

मॉडेल रेल्वेचा नाद लागला की बहुतेक जण आधी राजधानी एक्सप्रेसची स्वप्नं पाहतात. विदर्भातल्या माणसानं मात्र नॅरोगेजपासून, म्हणजे अरुंद रुळाच्या गाडीपासून, सुरुवात करावी, कारण हिशेब आपल्या बाजूचा आहे. जगात सर्वांत जास्त खपणारी मॉडेलं एचओ, म्हणजे 1:87 मापाची. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज 1676 मिलीमीटरचा. त्याला 87 नं भागलं तर 19.3 येतात, आणि बाजारातला एचओ रूळ असतो 16.5 चा. म्हणजे तयार रुळावर भारतीय गाडी ठेवली की ती अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे पूर्वी धावणाऱ्या शकुंतला या नॅरोगेज गाडीचा गेज होता 762 मिलीमीटर. भागा 87 नं: 8.76. आणि एन गेज या एचओहून छोट्या मॉडेलांची तयार चाकं, तयार मोटारी सगळ्या 9 मिलीमीटरच्या! पाव मिलीमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही.

मग एन गेजचा तयार रूळच का अंथरू नये? त्याचे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, 1:160 मापाचे असतात, बारीक आणि दाटीवाटीचे. आपल्याला हवेत लांब आणि विरळ. म्हणून रूळ हातानं बांधायचा.

सामान फार नाही. एन गेजचा लवचिक रूळ ऑनलाइन मागवा आणि प्लास्टिकमधून दोन्ही पट्ट्या ओढून काढा. पट्टी निकेल सिल्व्हरची घ्या, तिच्यावर सोल्डर छान बसतं. नागपूरला सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तांब्याचा थर दिलेला कोरा सर्किट बोर्ड मिळतो, त्यातला काचतंतूचा घ्या. तपकिरी बोर्ड स्वस्त असतो, पण जरा जास्त तापला की तांबं उचलतो. सोल्डरिंग आयर्न 25 ते 40 वॅटचं, तार आणि राळेची पेस्ट तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळेल. ॲसिडवाली पेस्ट घेऊ नका. पावसाळ्यात रुळाला हिरवा गंज धरतो. बाकी डिजिटल कॅलिपर, कानस, हॅकसॉ ब्लेड आणि लाकडी काड्यांच्या आगपेट्या.

आधी गेजपट्टी, म्हणजे जोडताना दोन रुळांत नेमकं अंतर राखणारा तुकडा. सगळ्या कामात अचूकपणा हवा तो एवढाच. स्लीपर तिरका बसला तर चालतो, उलट शोभतो. गेज चुकला की गाडी पडते. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमचा जाड तुकडा मागा आणि कानशीनं घासत बरोबर 9.0 मिलीमीटर रुंदीवर आणा. ॲल्युमिनियमच का? साधं सोल्डर त्याला चिकटत नाही, पट्टी कायम सुटी राहते. असे दोन तुकडे करा. वळणासाठी तिसरा 9.2 चा करा, कारण वळणावर चाकांना थोडी मोकळीक लागते. या कामात एक संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या. घरातलं कोणीतरी येऊन विचारेलच, ‘हे काय घासून राह्यले बापा?’ घासत राहा.

स्लीपर. बोर्डाची 18 मिलीमीटर रुंद पट्टी कापा. तुकडे पाडण्याआधी पट्टीच्या मधोमध लांबीभर ब्लेडनं रेघ ओढा, तांबं पार कापलं जाईपर्यंत. दोन रुळांत वेगवेगळी वीज असते. ती तांब्यातून एकमेकींना भेटली की शॉर्ट. ही रेघ आधी मारली की पुढचा प्रत्येक स्लीपर आपोआप दुभंगलेला मिळतो. मग अडीच मिलीमीटरचे काप काढा. काचेची भुकटी उडते, तेव्हा दुपट्टा नाकाला बांधा आणि ब्लेड ओलं ठेवा.

सगळे स्लीपर तांब्याचे नकोत. पाचातला एक पुरे, बाकीचे आगकाड्यांचे. 8 मिलीमीटरच्या अंतरानं मीटरभराला साधारण 125 स्लीपर लागतात. म्हणजे 25 बोर्डाचे आणि 50 काड्यांचे प्रत्येकी दोन तुकडे. काडी बोर्डापेक्षा किंचित जाड भरते, पॉलिश पेपरवर घासून बरोबरीला आणा.

जोडणी. कागदावर आखणी करा. वळण खिळा, दोरा आणि पेन्सिलनं काढा, त्रिज्या 30 सेंटिमीटरच्या खाली नको. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून स्लीपर बसवा. बोर्डाच्या स्लीपरवर आधी सोल्डरचा पातळ थर द्या, त्यावर पहिला रूळ स्टीलच्या पट्टीला टेकवून ठेवा आणि बाहेरच्या बाजूनं आयर्नचं टोक लावा. आत सोल्डरचा गोळा राहिला तर चाकाची कड त्यावर चढते. दुसरा रूळ गेजपट्टीला दाबून जोडा. पट्टी डागाच्या अगदी जवळ नको, ती उष्णता खेचून घेते. काड्यांना नंतर फेव्हिकॉलचा थेंब पुरे. मल्टिमीटरची एक तार एका रुळाला आणि दुसरी दुसऱ्या रुळाला लावून बघा. बीप झाला तर कुठल्यातरी स्लीपरची रेघ नीट कापलेली नाही.

आता आपला उन्हाळा. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तापमानात 35 अंशांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यात मीटरभर रूळ अर्धा मिलीमीटर वाढतो. हिवाळ्यात बांधत असाल तर दर मीटरला जाड पोस्टकार्डाएवढी फट ठेवा. मे महिन्यात बांधत असाल तर फट नको. तेव्हा रूळ वाढूनच बसलेला असतो.

माती आणि खडी. शकुंतलेचा रस्ता मुख्य लाइनीसारखा खडीनं भरगच्च नव्हता. म्हणून मातीला हात सैल सोडा, खडीला आवरता. काळी माती तव्यावर भाजून चहाच्या गाळणीनं चाळा. खडीसाठी क्रशरची चुरी घ्या. दोन्हीतून लोहचुंबक फिरवायला विसरू नका. आपला काळा दगड बेसाल्टचा, त्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते थेट मोटारीत जाऊन बसतात. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरनं सोडा. रुळांना गंजाचा रंग द्या, पण माथा पुसून लख्ख ठेवा, वीज तिथूनच जाते.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. टेप घेऊन जा, खऱ्या स्लीपरची लांबी आणि अंतर स्वतः मोजा. इंजिनाचं सांगायचं तर या मार्गावर 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, ते पुठ्ठ्यातून घडवणं जिकिरीचं. नंतरचं डिझेल चौकोनी, एन गेजच्या मोटारीवर पुठ्ठ्याची पेटी बसवली की झालं.

सांध्याला, म्हणजे रूळ बदलायच्या जागेला, इतक्यात हात घालू नका. आधी मीटरभर सरळ आणि एक वळण बांधा. त्यावरून एकटा डबा बोटानं ढकलून दोन्ही दिशांनी न अडखळता जाऊ लागला, की मग सांध्याचा कागद आखायला घ्या.