वॉर्डातल्या रस्त्याचं, मैदानाचं प्लॅनिंग लोकांसोबत कसं करायचं: वर्कशॉप घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडे 'नागरिकांचा सहभाग' म्हटलं की ठरलेला कार्यक्रम असतो. हॉलमध्ये खुर्च्या, समोर पीपीटी, आणि शेवटी "कुणाला काही बोलायचंय का" असं विचारलं की नेहमीचे दोन-तीन काका माईक धरतात ते सोडतच नाहीत, एक ड्रेनेजवर घसरतात, दुसरे मागच्या नगरसेवकावर, आणि बायका, पोरं, भाजीवाल्या मावशी नुसत्या बसून चहा पिऊन घरी जातात. याच लोकांच्या हातात पुठ्ठा आणि कात्री द्या, मग बघा कोण किती बोलतं ते. ते कसं जमवायचं ते खाली लिहिलंय. उदाहरणं जास्त करून पुण्या-मुंबईची आहेत कारण तीच माहितीतली, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी दार शोधा, मग वर्कशॉप

बहुतेक ग्रुप इथेच चुकतात. रंगीत चार्ट तयार होतात, फोटो निघतात, आणि मग कळतं की हे द्यायचं कुणाला हेच माहीत नाही. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे (मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ ची). क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला, आणि एका कामाला पाच लाखांची मर्यादा असते. म्हणजे फूटपाथची दुरुस्ती, बाक, दिवे, बसस्टॉपची शेड असलं काही मागा, उड्डाणपूल मागत बसू नका.

दुसरं दार म्हणजे डीपी, शहराचा विकास आराखडा, कुठल्या जागेवर काय येणार हे त्यात ठरतं. प्रारूप म्हणजे कच्चा आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी महिना-दोन महिन्यांची मुदत मिळते, नेमके दिवस नोटिशीत बघायचे. "त्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि त्यातल्या चुकांवर एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला लावला. गोव्यात तर लोकांच्या आंदोलनामुळे २०११ सालापर्यंतसाठी केलेला प्रादेशिक आराखडा जानेवारी २००७ मध्ये रद्दच करावा लागला. तर तारीख आधी काढा आणि तिथून उलटं मोजत वर्कशॉपचा दिवस ठरवा.

जागा छोटी घ्या

'आपला प्रभाग कसा असावा' असला विषय घेतलात तर संध्याकाळपर्यंत नुसती भाषणं होतील. शाळेपासून मंडईपर्यंतचा दोनशे मीटरचा रस्ता घ्या, किंवा एक मोकळा प्लॉट. बास.

कुणाला बोलवायचं आणि कधी

व्हॉट्सअॅपवर पोस्टर टाकलं की सोसायटीवाले येतात, वस्तीतले येत नाहीत. त्यांच्याकडे स्वतः जावं लागतं, बचत गटाच्या ताईंना, मंडळाच्या पोरांना, रिक्षा स्टँडवर, पथारीवाल्यांना भेटून सांगावं लागतं. वेळ त्यांना विचारूनच ठरवा, नळाला पाणी यायच्या वेळी किंवा मंडईच्या गर्दीच्या वेळी ठेवलंत तर कोण येणार? जागा म्हणाल तर समाजमंदिर, विरंगुळा केंद्र, नाहीतर सरळ त्या रस्त्याकडेलाच मांडव टाका, जाता-येता लोक डोकावतात आणि डोकावलेला माणूस थांबतोच. लहान मुलांसाठी एक कोपरा ठेवा, नाहीतर आया लवकर उठून जातात.

सगळे मिळून चालत जा

पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येकाला मोजायची टेप आणि खडू द्या. एका गटाला ९५ सेंटिमीटरची काठी द्या. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण एवढी असते, त्या उंचीवर मोबाईल धरून व्हिडिओ काढत चालायचं. पार्क केलेल्या गाड्यांच्या मागून मुलाला समोरचा रस्ता दिसतच नाही, हे ऐकून कुणाला पटत नाही पण व्हिडिओ बघून सगळे गप्प होतात. फूटपाथची मोकळी रुंदी जागोजागी मोजून तिथेच खडूने लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे ती किमान १.८ मीटर हवी, आपल्याकडे विजेचा डीपी बॉक्स, झाड आणि दुकानाची पायरी वजा केल्यावर किती उरते ते बघाच. बायकांचा गट शक्यतो अंधार पडल्यावर वेगळा फिरवा, त्यांचा नकाशा पुरुषांपेक्षा बराच वेगळा निघतो.

मॉडेल

हा सगळ्यात मजेचा भाग आणि याला सगळ्यात जास्त वेळ द्या, दीड-दोन तास तरी. माप १:१०० ठेवा म्हणजे एक सेंटिमीटर बरोबर एक मीटर, गणित कुणालाही जमतं. बारा मीटरचा रस्ता म्हणजे बारा सेंटिमीटरची पट्टी. पुठ्ठ्याचे अडीच बाय पाचचे तुकडे आधीच कापून ठेवा, ती एक कार पार्क करायची जागा. घरं काड्यापेट्यांची, झाडं भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरची, भाजीच्या गाड्या बाटलीच्या झाकणांच्या. महागडं सामान आणू नका, सुबक तयार मॉडेल तर अजिबात नको, त्याला हात लावायला लोक घाबरतात.

मग गंमत अशी होते की "दोन्ही बाजूंना पार्किंग पाहिजेच" म्हणणारे साहेब पुठ्ठे मांडायला लागतात, दोन्हीकडे पार्किंग लावलं की पाच सेंटिमीटर गेले, सात उरले, त्यात येणारी-जाणारी बस बसवायची, शिवाय दोन्हीकडे फूटपाथ, आणि समोर भाजीवाल्या मावशी झाकण हातात घेऊन विचारतात, "मी कुठं बसू?" तुम्ही मध्ये अजिबात पडू नका. पाच मिनिटांनी एका बाजूचे पुठ्ठे ते स्वतःच उचलतात. हेच हॉलमध्ये माईकवर बोललं असतं तर भांडण झालं असतं.

आर्किटेक्ट मित्र असेल तर जरूर बोलवा पण त्याला पेन देऊ नका. तो मदतनीस आहे, मापं चुकली तर सांगेल, डिझाईन करणार नाही, असं आधीच प्रेमाने बजावा.

पैशाचा डाव

मागायला काय जातंय, यादी पन्नास कामांची होते. म्हणून 'व्यापार' खेळातल्या खोट्या नोटा आणा आणि प्रत्येक गटाला मिळून पाच लाखच द्या. बाक, दिवा, स्पीड ब्रेकर, झाडाभोवतीचा पार यांचे अंदाजे दर कार्डांवर लिहा, दर वॉर्ड ऑफिसच्या ज्युनिअर इंजिनिअरकडून घ्या, त्यांच्याकडे डीएसआर, म्हणजे कामांच्या सरकारी दरांची यादी असते. त्यालाच वर्कशॉपला बोलावलंत तर उत्तम, पण शेवटच्या तासाला, सुरुवातीला आला तर लोक खड्ड्यांच्या तक्रारी घेऊन त्यालाच घेरतात.

फक्की मारून खऱ्या मापात बघा

ठरलेलं डिझाईन रविवारी सकाळी रस्त्यावर काढा, मैदानावर रेषा मारायला वापरतात ती फक्की आणि दोरी पुरते. वाहतूक पोलिसांची परवानगी आधी घ्या. कागदावर मोठा वाटणारा फूटपाथ प्रत्यक्षात बाबागाडी आणि व्हीलचेअर समोरासमोर आल्या की केवढा उरतो ते तिथेच कळतं. ही युक्ती नवीन नाही. मुंबईत भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांनी, महिला मिलन ही बायकांची संघटना आणि स्पार्क ही संस्था यांच्या साथीने, १९८० च्या दशकातच कापड-लाकडाची खऱ्या मापाची घरं उभी केली होती आणि आत फिरून पोटमाळा किती उंचीवर हवा हे स्वतः ठरवलं होतं.

फक्कीच्या रेषांवर दुकानदार नक्की येऊन वाद घालतील. घालू द्या, आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्या, कारण वर्कशॉपला नेमके तेच आलेले नसतात.

कागद

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. त्याच दिवशी मॉडेलचा वरून फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. कोण आलं त्याची सही-यादी, काय ठरलं, कशावर एकमत झालं नाही हेही लिहा, सगळे खूश असं दाखवलेलं पत्र कुणी खरं धरत नाही. डीपीची हरकत असेल तर सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर आणि त्या जागेवरच्या आरक्षणाचा क्रमांक हवाच, एका पत्रात एकच मुद्दा, आणि शेवटी "सुनावणीला बोलवावे" हे वाक्य. सुनावणीला एकट्या वकिलाला पाठवू नका, मावशींना आणि एका कॉलेजच्या पोराला घेऊन जा, मॉडेलचा फोटो मोठा प्रिंट करून.

पत्र दोन प्रतीत न्या, आवक विभागाचा शिक्का आणि नंबर आपल्या प्रतीवर घ्या, त्या पोचेचा फोटो ग्रुपवर टाका. बजेटचं काम असेल तर यादी मंजूर झाल्यावर नाव आहे का बघा, नसेल तर कारण लेखी मागा, उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचा स्टॅम्प. आणि जे काही उत्तर येईल ते, नकार असला तरी, त्याच रस्त्यावरच्या मंडळाच्या फळ्यावर लावा.