फुफ्फुसाचा फायब्रोसिस: रक्ताचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हातात आला की नजर टक्क्यांच्या रकान्याकडे जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. आयपीएफमध्ये, म्हणजे फुफ्फुसात व्रणासारखे घट्ट तंतू साचण्याच्या, कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचे टक्के नाही, प्रत्यक्ष संख्या बघायची असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही संख्या दर मायक्रोलिटरला ९५० किंवा त्याहून जास्त असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. रिपोर्टवर संख्या नसेल तर गुणाकार करा. एकूण पांढऱ्या पेशी ११,००० आणि मोनोसाइट ९ टक्के, म्हणजे ९९०. टक्के नॉर्मलमध्ये छापलेले, त्यामुळे असा रुग्ण हमखास नजरेतून सुटतो. उलट ६,००० वर १२ टक्के आले तर आकडा ठळक छापून येतो, पण संख्या भरते ७२०च. रक्त ताप-खोकल्यात किंवा स्टेरॉइडचा डोस बदलताना घेतलं असेल तर ती संख्या धरू नका, प्रकृती स्थिरावल्यावर पुन्हा तपासा.

केएल-६ हा फुफ्फुसाला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक. त्याची ५०० युनिट प्रति मिलिलिटर ही मर्यादा जपानमध्ये ठरली. तो बनवणाऱ्या म्यूक-१ या जनुकातल्या फरकामुळे माणसागणिक मूळ पातळीच वेगळी असते, म्हणून ४८० आला की निर्धास्त आणि ५२० आला की घाबरायचं, याला अर्थ नाही. फुफ्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगातही तो वाढतो. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये, म्हणजे फुफ्फुसाच्या ॲलर्जीसारख्या सुजेत, तर आयपीएफपेक्षाही जास्त चढू शकतो. त्यामुळे नुसत्या केएल-६ वरून आयपीएफ ठरवू नका. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही आयपीएफ वेगळा ओळखण्यासाठी केएल-६, एमएमपी-७, एसपी-डी आणि सीसीएल-१८ ही रक्तातली प्रथिनं तपासू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे.

एमएमपी-७ मध्ये घोळ रक्त घेण्याच्या नळीपासून सुरू होतो. रक्त गोठताना पेशींमधून हे प्रथिन बाहेर पडतं, म्हणून सीरमचा (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाचा) आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठू दिलेल्या रक्तातल्या द्रवापेक्षा) जास्त येतो. मागचा नमुना ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नळीत आणि आताचा साध्या नळीत घेतला असेल, तर दिसणारी वाढ आजाराची नसून नळीचीही असू शकते. लॅब, पद्धत आणि नळी तीच ठेवा.

सीए-१२५ हे रक्तातलं आणखी एक प्रथिन फायब्रोसिसशिवाय इतर कारणांनीही वाढतं. ते वाढलेलं दिसलं तर आधी हृदयाची कमजोरी आणि पोटातलं पाणी तपासा.

रक्ताचा आकडा चांगला आला म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, पुढे ढकलणं सर्वांत महागात पडतं. आयपीएफ सोडून इतर फायब्रोसिसमध्ये वर्षभरात एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली एकूण हवा) अपेक्षित आकड्याच्या ८० टक्क्यांवरून ७५ वर आली, सोबत दमही वाढला आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर आजार पुढे सरकतोय असं धरतात, केएल-६ काहीही येवो.