वीज गेली की बोर्ड सगळं विसरायचा

घरी सोल्डर केलेला आर्टिक्स-७ ३५टी चा बोर्ड. आर्टिक्स हा एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप. जेटॅगवरून (कॉम्प्युटरमधून चिप प्रोग्राम करायचं पोर्ट) डिझाइन थेट एफपीजीएत टाकलं की मस्त चालायचं. फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी डिझाइन जपणाऱ्या मेमरी चिपमध्ये लिहिलं, व्हेरिफायही पास झालं. पण पॉवर बंद-चालू केली की डन एलईडी (डिझाइन लोड झालं की लागणारा दिवा) गप्प.

मी सगळा दोष फ्लॅशला दिला. तीनदा इरेज केली, दुसरी चिपसुद्धा लावली. फुकट गेला रविवार!

शेवटी ऑसिलोस्कोपचा प्रोब फ्लॅशच्या क्लॉक पिनवर टेकवला. रेघ सपाट. आणि तिथेच ट्यूब पेटली: मास्टर एसपीआय मोडमध्ये, म्हणजे एफपीजीए फ्लॅशमधून डिझाइन वाचतो तेव्हा, हा क्लॉक एफपीजीए स्वतः देतो. तो येतच नाही, म्हणजे एफपीजीए फ्लॅशकडे बघतच नाहीये. मोड पिना, म्हणजे डिझाइन कुठून घ्यायचं ते ठरवणाऱ्या पिना, मोजल्या. एम२, एम१, एम० वर ००१ हवं होतं, मिळालं १०१, म्हणजे फक्त जेटॅग. एम२ चा रेझिस्टर मीच ग्राउंडऐवजी ३.३ व्होल्टच्या पॅडवर बसवला होता. जेटॅग मोड पिनांना जुमानत नाही, त्यामुळे फ्लॅश लिहिताना काहीच कळलं नाही.

रेझिस्टर हलवला, पॉवर दिली... तरी अंधार. शिवी ओठावर आली आणि एलईडी लागला! बिटस्ट्रीम (डिझाइनची फाइल) सुमारे १७.५ मेगाबिटची, डीफॉल्ट क्लॉक ३ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे लोड व्हायला जवळपास सहा सेकंद. कॉन्फिगरेशन रेट, म्हणजे हाच क्लॉक, ३३ मेगाहर्ट्‌झ करून बिटस्ट्रीम पुन्हा बनवली, आता अर्ध्या सेकंदात उठतो.

काढलेली जुनी फ्लॅश चिप डबीत आहे, ठणठणीत.