भुलेत डोळ्याला होणारी इजा: या चुका टाळा

जागेपणी डोळा आपली राखण आपणच करतो. भूल दिली की पापण्यांची उघडझाप थांबते, अश्रू कमी होतात आणि अनेकांच्या पापण्या पूर्ण मिटतही नाहीत. त्या फटीतला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कोरडा पडतो. मग मास्कची कड लागली तरी खरचटतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पापण्या मिटलेल्या ठेवणारी टेप उशिरा लावणं. आधी श्वासनलिकेत नळी, मग डोळे, असा क्रम पडून गेलेला असतो. पण नळी घालताना वाकलेल्या डॉक्टरांच्या गळ्यातलं ओळखपत्र किंवा मनगटावरचं घड्याळ नेमकं डोळ्यावर येतं. रुग्ण झोपला की लगेच पापण्या पूर्ण मिटवा आणि टेप लावा. अर्धवट मिटलेल्या डोळ्यावरची टेप स्वतःच घासते.

पूर्ण भूल न देता नुसती गुंगी आणली, तर धोका वेगळा, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण चुळबुळ करू लागला की औषध वाढवलं जातं. तो घोरतो, दचकून जागा होतो आणि कुठे आहोत हे न कळून मान हलवतो, तीही डोळ्यात उपकरण असताना! अमेरिकेतल्या भुलेसंबंधीच्या भरपाई दाव्यांचा आढावा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांच्या इजांपैकी ३० टक्के प्रकरणांत नेत्रशस्त्रक्रियेदरम्यान रुग्ण हलला होता आणि त्या सगळ्यांत अंधत्व आलं. पूर्ण भूल दिलेले रुग्णही त्यात होते. म्हणून औषध वाढवण्याआधी विचारा: लघवीला लागली आहे का, खोकला येतोय का, चादरीखाली गुदमरतंय का, की बधिर करण्याचं इंजेक्शनच अपुरं पडलंय? बऱ्याचदा उत्तर इथेच सापडतं. प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध दिल्यावर डोळ्याभोवती सुई टोचताना काहींना जोराची शिंकही येते, तेव्हा डोकं धरायला माणूस हवा.

रुग्ण पालथा असेल तर डोळ्यांवर दाब नाही ना, हे अधूनमधून पाहत राहा.

शुद्धीवर येताना रुग्ण हमखास डोळे चोळतो. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर तर्जनीला असेल तर त्याचीच कड लागते. अनामिकेला लावलेला बरा.

नंतर रुग्ण ‘डोळ्यात खडा टोचतोय’ म्हणाला तर टाळू नका. खरचटलेला कॉर्निया बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येतो, पण बधिर करणारे थेंब घरी देऊ नका. त्यांनी जखम भरायला वेळ लागतो. आणि दुखत नाही पण दिसतही नाही, असं कोणी म्हणालं तर नेत्रतज्ज्ञांना त्याच क्षणी बोलवा.