लाइव्ह खरंच किती जणांनी पाहिलं?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सामना यूट्यूबवर लाइव्ह दाखवला की जाहिरातदार विचारणारच, "किती जणांनी बघितला?" आपण एकूण व्ह्यूज सांगून मोकळे होतो. त्यात लगेच सटकलेलेही आले!

१. यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायचं यूट्यूबचं पान) त्या व्हिडिओचं अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे प्रेक्षकांची आकडेवारी, उघडा.
२. एका वेळी जास्तीत जास्त किती प्रेक्षक होते आणि सरासरी किती वेळ थांबले, हे दोन आकडे लिहून घ्या. मला दुसरा जास्त बोलका वाटतो.
३. तिथला प्रेक्षकसंख्येचा आलेख जिथं धाडकन खाली आलाय, तेवढंच रेकॉर्डिंग लावा. मध्यंतर असेल तर ठीक; कॉमेंट्रीचा आवाज गेला असेल किंवा चित्र अडकत असेल, तर पुढच्या सामन्याआधी माइक, नेट तपासा.

नंतर रेकॉर्डिंग बघणारे मात्र लाइव्हच्या हिशेबात धरू नका.