पीएस-टू सॉफ्टमॉड करताय? या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी आले की मुंबईच्या माळ्यावरचा जुना पीएस-टू (सोनीचा प्लेस्टेशन २ गेम कॉन्सोल) सुद्धा कधीकधी गावाला उतरतो. मग सुट्टी संपायच्या आत तो सॉफ्टमॉड करायची, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवरून वगैरे गेम चालवण्याजोगा करायची घाई होते. काम तसं साधं आहे. कॉन्सोल उघडायचा नाही, सोल्डरिंग नाही, मेमरी कार्डवर फ्री एमसी बूट हे कॉन्सोलसोबत सुरू होणारं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. घोळ होतो तो आधी न बघितलेल्या गोष्टींमुळे.

मॉडेल न बघता कार्ड मागवणं. कॉन्सोल उलटा करा आणि स्टिकर वाचा. एससीपीएच-७०००० ते ७९००० मालिकेच्या स्लिमला (नंतरच्या बारीक पीएस-टूला) अडचण नाही. ९०००० मालिकेत स्टिकरवरचा डेट कोड (कधी बनला त्याची खूण) बघा: ८ए, ८बी चालतात, ८सीमध्ये दोन्ही प्रकार निघतात. ८डी आणि त्यापुढच्यांत बायॉस (कॉन्सोलमधलं मूळ सॉफ्टवेअर) २.३० असतो आणि तिथे सोनीने ही वाटच बंद केली आहे. त्यांना ओपनट्यूना हे दुसरं सॉफ्टवेअर लागतं.

जुना जाडा पीएस-टू जपान-अमेरिकेतून आलेला असेल तर व्होल्टेजही वाचा. १०० किंवा १२० व्होल्टचा सप्लाय आपल्या २३० वर थेट लावला की पहिल्याच फटक्यात उडतो.

दुसऱ्याच्या कार्डवरून फाइल्स कॉपी करणं. ही चूक सगळ्यात जास्त होते. फ्री एमसी बूट मॅजिकगेट या सोनीच्या कॉपी-संरक्षणामुळे त्या-त्या कार्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे नुसती कॉपी केलेली फाइल बूट होत नाही. मित्राच्या तयार कार्डवरून यूलाँचएल्फ हा फाइल मॅनेजर चालू करा, पेनड्राइव्हवरचा इन्स्टॉलर उघडा आणि आपल्या कार्डवर इन्स्टॉल करा. कार्ड शक्यतो सोनीचं ८ एमबीचंच घ्या, स्वस्तातल्या नकली कार्डांत बऱ्याचदा मॅजिकगेटच नसतं. तयार कार्ड कुणाकडे नसेल तर फ्रीडीव्हीडीबूट आहे, म्हणजे डीव्हीडीवरून इन्स्टॉलर चालवायची युक्ती. ते साध्या डीव्हीडी-आरवर कमी वेगाने बर्न करा आणि स्लिमची भाषा इंग्रजी ठेवा.

इन्स्टॉलरमध्ये 'नॉर्मल इन्स्टॉल' निवडा. 'मल्टी' मोहात पाडतं, पण ते कार्डाची फाइल सिस्टीम मुद्दाम वाकडी करतं, आणि नंतर त्यातली एखादी फाइल डिलीट केली की बाकीचंही बिघडतं.

जुने सेव्ह आधी दुसऱ्या कार्डवर काढून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून इन्स्टॉल करताना कॉन्सोल इन्व्हर्टरवर असू द्या. मध्येच लाईट गेली तर कार्ड अर्धवट लिहिलं जातं आणि फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

कार्ड ओळखलं जात नाही, तेव्हा लगेच सॉफ्टवेअरला दोष देणं. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत मेमरी कार्डच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पट्ट्या पुसा, सुकू द्या, मग कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये घाला. रॉकेल किंवा सेंट वापरू नका. कार्ड घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

गेम ठेवायला महागडा यूएसबी ३ पेनड्राइव्ह घेणं. पीएस-टूचं पोर्ट १.१ आहे, प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक एमबी. व्हिडिओ सीन अडखळतात ते त्यामुळेच. स्लिमला लॅन पोर्ट असतं, केबलने ओपीएलमधून (गेम चालवणाऱ्या ओपन पीएस२ लोडरमधून) एसएमबी शेअर, म्हणजे संगणकावरचं नेटवर्क फोल्डर, जोडलात तर फरक लगेच दिसतो. त्यासाठी विंडोजवर जुनं एसएमबी १ चालू करावं लागतं, म्हणून तो संगणक तेवढ्या वेळापुरता इंटरनेटपासून तोडा.

पेनड्राइव्हच वापरायचा तर तो एमबीआर विभागणी ठेवून फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ४ जीबीपेक्षा मोठी आयएसओ (गेम डिस्कची एका फाइलमधली प्रत) त्यात मावत नाही, यूएसबीयूटिल या प्रोग्रॅमने तुकडे करावे लागतात. सीडी गेम 'सीडी' फोल्डरमध्ये, डीव्हीडी गेम 'डीव्हीडी'मध्ये. ड्राइव्ह कोरा करून फाइल्स एकेक करून टाका, कारण ड्राइव्हवर तुकड्यांत विखुरलेली फाइल ओपीएल नाकारू शकतं. आयएसओ स्वतःच्या डिस्कवरूनच काढा. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम ५२ बॅकअपची सूट देतं, पण ती कायदेशीर प्रत हाती असलेल्यालाच.

गेम सुरू करताच स्क्रीन काळी पडली तर आयएसओ खराब आहे असं लगेच मानू नका. ओपीएलमधल्या त्या गेमच्या सेटिंगमध्ये मोड १, मग २, मग ३ असे एकेक करून बघा. तरीही नाहीच चालला तर डिस्क पुन्हा वाचून घ्या. आपल्याकडच्या दमट कपाटात डिस्कवरही बुरशी येते.